पाच बाटल्यांचा निकाल

जळगाव, १२ जानेवारी १९७१

मी नापास केलं नाही तुला. आधी एवढं ऐकून घे, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. मी फक्त यादी वाचली. यादी पुण्याहून आली, सही पुण्याच्या डॉक्टरांची. आणि तू अनवाणी, कणकेच्या हातांनी ऑफिसात आलीस. तिथं दोन शिपाई, एक मुकादम आणि जन्माचे दाखले न्यायला आलेली माणसं, एवढ्यांच्या देखत म्हणालीस, "माझ्या हातचं खाऊन एवढा झाला, अन् मलेच नापास करतो?"

बरं, म्हणालीस. त्यावर मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. तुझ्याबरोबर पोळ्या लाटणारी भागाबाई म्हणते, मी ‘बाई, रांगेत उभ्या राहा’ असं म्हणालो. मी तुला बाई म्हणालो असेन असं वाटत नाही. पण भागाबाई खोटं बोलत नाही.

दाजी, नमस्कार. अक्काला वाचता येत नाही आणि तुम्हाला येतं, म्हणून आमच्या भांडणात तुम्ही आपोआप आलात. ती सायरबाईंच्या भोजनालयातली पेटती चूल सोडून दुपारच्या यावल गाडीनं तुमच्याकडे निघून आली. तुम्हाला तिची बाजू कळलीच असेल. आता माझी वाचा. मध्येच ‘हं’ म्हणून थांबू नका, लिहिलंय तसं सलग वाचा.

बी.एस्सी. झालो म्हणून नगरपालिकेच्या आरोग्य खात्यानं मला सहा महिन्यांसाठी घेतलं. हुद्दा आरोग्यशिक्षक. काम एवढंच की हॉटेल-खानावळीत राबणाऱ्यांना बारा दिवस शिकवायचं, तोंडी परीक्षा घ्यायची, पोटाची तपासणी करायची आणि गुलाबी कार्ड द्यायचं. कार्ड नसेल त्यानं अन्नाला हात लावायचा नाही. शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तीनला वर्ग. चौतीस जण. त्यात सायरबाईंकडच्या तुम्ही पाच जणी. दुसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून.

वर्गात काय चालायचं ते दाजींना माहीत नसेल. स्टेशनजवळच्या हॉटेलातला हिलाल पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, ज्या हॉटेलात माशी नाही तिथं गिऱ्हाईकसुद्धा नसतं. माशीला कळतं चांगलं काय ते." सगळे हसले, मीही हसलो, आणि नंतर पंधरा मिनिटं मला माशीचे पाय शिकवता येईनात. तेव्हा तूच त्याला दटावलंस. "ऐक रे, पोर्‍या घसा फोडू ऱ्हायला." मी पोर्‍या. चौतीस जणांपुढे. तरी बरं वाटलं.

आणि परीक्षेत आमच्या खात्याच्या डॉक्टरसाहेबांनी तुला विचारलं, भांडी पुसायचं फडकं दिवसातून किती वेळा धुता? तू म्हणालीस, "म्या फडकंच ठेवत नाही साहेब. भांडी उन्हात पालथी घालते. फडकं म्हनजे कालच्या घाणीनं आजचं ताट पुसणं." साहेब खुर्चीत सरळ बसले. चौतिसात पहिली आलीस. ज्यांना लिहितावाचता येतं ते सगळे तुझ्यामागे. मग नगराध्यक्षांच्या हस्ते कार्डं वाटली. तपासणीचा निकाल यायचा होता, पण अध्यक्षांना तीच तारीख सोयीची होती. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय, तपासणीच्या निकालास अधीन राहून. ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही. वाचून दाखवायला हवं होतं का? हो. बहुतेक हो.

आता निकाल आलाय. एकोणतीस जणांचं ठीक. सायरबाईंकडच्या पाचही जणींच्या नमुन्यात मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉइडचे जंतू. पाचच्या पाच. मी यादी तीनदा वाचली. तुम्ही पाचही जणी धडधाकट, एकीला साधी कणकण नाही, आणि पाचही पोटांत तोच जंतू. म्हटलं, पाणी. म्हणून सायरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "देख अभिमन, आमच्याकडे उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब कोणी तोंडात घेत नाही. दिवस मावळला की चूल बंद. आमच्या घरात जंतू येऊन करणार काय, उपास?"

त्यांचं खरं आहे. पाणी मी स्वतः तपासलं. काही नाही त्यात. मग कुठून आलं? बाटल्यांचं मी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मला खरंच कळत नाहीये. तू परत ये. पुन्हा तपासू. चौघीजणी घरी बसल्यात, सायरबाई स्वतः पोळ्या लाटतात आणि जेवणारे ताटाकडे बघून उठतात.

चूल तूच पेटती सोडलीस. मी नाही.

अभिमन


जळगाव, १९ जानेवारी

दाजी, हे मोठ्यानं वाचू नका. अक्का समोर असेल तर घडी घालून खिशात टाका आणि केळीच्या मळ्यात जाऊन वाचा. तिनं विचारलं तर सांगा, अभिमन बरा आहे, बाया आठवण काढतात, बाकी काही नाही.

मागचं पत्र पेटीत टाकलं त्याच संध्याकाळी भागाबाई घरी आली. दारातच बसली, आत येईना. म्हणाली, "भाऊ, एक सांगते, पण तुम्ही तिकडं तोंड करा." मी भिंतीकडे तोंड केलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी वर्गात मीसुद्धा भिंतीकडेच तोंड केलं होतं. बाटल्या वाटताना. मागच्या पत्रात मी लिहिलं की नीट समजावून सांगितलं. नाही सांगितलं. बुचाच्या छोट्या बाटल्या होत्या, त्यात सकाळचा, म्हणजे परसाकडचा नमुना आणायचा होता. समोर अक्का, भागाबाई, आपल्या असोदे गावच्या ओळखीच्या बाया. मला शब्द सापडेना. फळ्याकडे बघून म्हणालो, ‘हे घरून भरून आणा.’ आणि वर्ग सोडला. ‘प्रत्येकीनं आपापलं’ हे मी म्हणालोच नाही. एवढं कुणाला सांगावं लागतं का, असं वाटलं.

बायांना लाज वाटली. कुणाच्या घरी सासरा, कुणाच्या घरी एकच खोली. बाटली घेऊन जायचं कुठं, न्यायची कशी. वर भीती, आपल्यात काही निघालं तर काम गेलं. मग त्यांनी भोजनालयाच्या मागच्या अंगणात विचार केला. पाच जणींत कधीच आजारी न पडलेली कोण? जिनं चौदा वर्षांत एक खाडा केला नाही ती कोण? अक्का. मग ठरलं, सगळ्यांच्या बाटल्यांत अक्काचंच. म्हणजे पाचही पास.

"तिनं काय म्हटलं?" मी भिंतीला विचारलं.

"हसली. म्हनली, आना इकडं बाटल्या. माझं पोट म्हंजे दगड."

दाजी, पाचही बाटल्या तिच्या आहेत.

तिलाही हे अजून कळलेलं नाही. तिला वाटतंय, तिनं चौघींसाठी एवढं केलं आणि मी पाचही जणींना बसवलं. म्हणून ती चिडली. मी तिच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो.

मी ऑफिसात शेरा मारला, नमुन्यांत सरमिसळ, पुन्हा घेणे. चौघींचे नमुने पुन्हा घेतले. या वेळी प्रत्येकीला ‘आपापलं’ असं तोंडावर सांगितलं. काल पुण्याहून निकाल आला, चारही स्वच्छ. पाचव्या ओळीत मी लिहिलं, बाहेरगावी. हे खोटं नाही. ती आहेच बाहेरगावी.

अशी माणसं असतात, दाजी. ताप येऊन जातो, माणूस बरा होतो, खातोपितो, धडधाकट दिसतो. पण जंतू पोटातून जात नाही. पित्ताशयात घर करून राहतो. त्याला स्वतःला काही होत नाही. त्याच्या हातचं खाणाऱ्याला होतं. कधी होतं, कधी होत नाही. हे मी वर्गात शिकवलं होतं, आठव्या दिवशी. अक्का म्हणाली, "मंग त्या बाईले कळत नसंन?" मी म्हणालो, नाही कळत. "अन् जलमभर तसंच?" कधीकधी जन्मभर. "मंग तिचा काय गुन्हा?" हिलाल म्हणाला, गुन्हा स्वयंपाकाचा. सगळे हसले. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, गुन्हा नाही पण जबाबदारी आहे. ते उत्तर मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

तिला एकवीस दिवसांचा ताप आला होता तो तुमच्याकडे, यावललाच. छप्पन साल. ती उठली आणि तुम्ही तिला विश्रांतीसाठी असोद्याला माहेरी आणून सोडलंत. माहेरी आलेल्या लेकीनं पडून राहायचं असतं. ती आली आणि दुसऱ्या दिवशी आईच्या हातातली पळी तिनं काढून घेतली. आई म्हणायची, "तू नीज माय," आणि ही म्हणायची, "तूच नीज."

मी नऊ वर्षांचा होतो. महिन्याभरात आईला आणि मला ताप आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी वाचलो, आई नाही. सगळं गाव म्हणतं की अक्कानं पेज भरवून मला जगवलं. खरं आहे. पुढं तुम्ही यावलला आणि ती जळगावला राहिली, तेही माझ्या शाळेपायी. ही बेरीज मी करत नाहीये. करायची नाही असं ठरवलंय. पण शाळेत गणितात मी बरा होतो.

तुम्ही तिला सांगा. तुम्ही नवरा आहात. फक्त बाटल्यांचं सांगा. असोद्याचं नको.

अभिमन


जळगाव, ३ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत आणि मी त्या सकाळपासून वाचतोय. ‘सौ.ची प्रकृती उत्तम. जीवरामनानांच्या मुलीची हळद दहा तारखेस, भरीत-पुरीचे जेवण सौ.कडे दिले आहे. नगरपालिकेचे कार्ड असलेली स्वयंपाकीण तालुक्यात एकच, म्हणून नानांनी स्वतः येऊन सांगितले. ती गोष्ट बोलण्याची हिंमत होत नाही, तूच लिहावे.’

तूच लिहावे. मी लिहिणार, तुम्ही वाचणार, आणि वाचताना तुमची हिंमत जाणार. मग लिहून काय उपयोग? तुम्ही मधली ओळ गाळाल आणि म्हणाल, अभिमन बरा आहे.

रागावू नका. मीही तेच केलं असतं. तेच करतोय. यावलला दिवसातून किती गाड्या येतात हे मला माहीत आहे. ऑफिसातून रजा मिळते. तीन आठवड्यांत मी आलो नाही.

मी सांगायचा सराव केला. खरंच केला, खोलीत, खुर्चीसमोर. ‘अक्का, तुझ्यात दोष नाही, पण तुझ्या पोटात.’ पुढं जाता येत नाही. ‘अक्का, आता काही दिवस तू स्वयंपाक करू नकोस.’ काबरं? ती विचारणारच. तिच्यासमोर उभा राहिलो की मी बी.एस्सी. राहत नाही.

काल डॉक्टरसाहेबांनी यादी मागवली. पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही कुठे असते?"

"यावलला, सर."

"काय करते तिथे?"

"सासर आहे तिचं तिथं, सर."

"अहो शिक्षक, काय करते?"

"स्वयंपाक करते, सर."

त्यांनी चष्मा काढला. मग मी सगळं सांगितलं. बाटल्या, भिंत, माझा शेरा. बहीण आहे हेही सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. म्हणाले, तुमचे सहा महिने मार्चअखेर संपतात, पुढचे मिळतील असं धरून चालू नका. ठीक आहे. मग म्हणाले, आठ दिवसांत बाईंना इथे आणा. सहा आठवडे औषध. नंतर तीन तपासण्या, तिन्ही स्वच्छ आल्या तर कार्ड परत. नाही आल्या तर पित्ताशय काढावं लागेल, त्यासाठी मुंबई. तोवर एका माणसासाठीसुद्धा रांधायचं नाही. आणलं नाहीत तर मी यावलला लिहितो, मग तिकडचा इन्स्पेक्टर जाईल आणि चारचौघांत सांगेल.

मी विचारलं, "सर, ती साबणानं कोपरापर्यंत हात धुते. माझ्यापेक्षा चांगले धुते. मग कदाचित कुणालाच काही होणार नाही?"

"कदाचित," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? भरीत भाजून झाल्यावर ते सोलतं कोण? ठेचतं कोण? त्यानंतर ते विस्तवावर जातं का?"

नाही जात. तुम्हाला मी सांगायला नको. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हातानं सोलायची, लाकडाच्या भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात घालून हातानं कालवायची. शेवटचा हात प्रमुख बाईचा. पाचशे माणसांचं जेवण आणि शेवटचा हात तिचा.

कदाचित. हा शब्द घेऊन मी काय करू, दाजी? चौदा वर्षं तिनं सायरबाईंकडे रांधलं. किती जणांना ताप आला, कुणी मोजलंय? आले असतील तर ते आपल्या घरी पडले असतील, आपल्या गावाला गेले असतील. कदाचित कुणालाच आला नसेल. मी रोज दुपारी तिथं जेवत होतो. मला काही झालं नाही. पण मला तर एकदा होऊन गेलंय.

सायरबाई भेटल्या. म्हणाल्या, "प्रमिला कधी येणार? तिला सांग, रागावली तर रागावली, येऊन चुलीपाशी बसून राग. माझ्या हातची भाजी माझा नवरा खात नाही." मी म्हणालो, येईल. का म्हणालो?

तिच्यासाठी वेगळा कागद जोडलाय. त्यावर एकच ओळ आहे, मी दहा तारखेला सकाळी येतोय. तेवढी वाचाल ना?

अभिमन


यावल, १० फेब्रुवारी, सकाळ

अक्का,

हे मी लिहितोय ते स्वतः तुला वाचून दाखवायला. दाजी नाहीत मध्ये. म्हणजे बाजूला उभे राहतील, मी त्यांना राहायला सांगितलंय, पण वाचणार मी. कागद हातात नसला तर मी बोलू शकणार नाही म्हणून कागद. तू मध्ये बोललीस तर मी थांबेन, आणि थांबलो की पुढं जाणार नाही. म्हणून शेवटपर्यंत बोलू नकोस. एवढं ऐक माझं.

मी तासाभरापूर्वीच आलोय. शाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय, इथून मांडव दिसतो. तू मला पाहिलं नाहीस. तू बायांना एका ओळीत उभं केलं होतंस आणि म्हणत होतीस, "नखं दाखवा. नखं. बांगड्या वर सारा. साबन सारा लागला पायजे, नुसता दाखवायचा नाही." एक म्हातारी म्हणाली, "आम्ही काय शाळेत आलो का व?" तू म्हणालीस, "हो. शाळाच समजा. माझ्या भावानं शिकवलंय." मग तू स्वतः हात धुतलेस, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, मी फळ्यावर काढून दाखवलं होतं त्याच क्रमानं. माझ्या वर्गातल्या एकाही माणसानं असे हात धुतलेले मी पाहिले नाहीत. मीसुद्धा धूत नाही. मांडवाच्या खांबाला तुझं गुलाबी कार्ड टाचणीनं लावलंय. वर झेंडूचं फूल.

मला तेव्हाच परत जावंसं वाटलं.

आता सांगतो. पाचही बाटल्या तुझ्या होत्या, हे भागाबाईनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. चौघींचं मी पुन्हा तपासलं, त्या स्वच्छ आहेत, कामावर आहेत, त्यांचं कुणाचं काही गेलं नाही. पण याचा अर्थ तुला कळला का? यादीतल्या पाचही ओळी तुझ्या होत्या. मुदतीच्या तापाचा जंतू तुझ्या पोटात आहे. तुला आलेल्या तापापासून असेल, पंधरा वर्षं. तू धडधाकट आहेस हे खरं. जंतू आहे हेही खरं. आठव्या दिवशी तू ज्या बाईबद्दल विचारलंस ती तू आहेस. तिचा काय गुन्हा, असं विचारलंस. मी काहीतरी उत्तर दिलं. आज विचारलंस तर मला उत्तर येत नाही.

दाजींना हे तीन आठवड्यांपासून माहीत आहे, मलाही. आम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहीत बसलो. तुझ्याबद्दल, तुझ्या घरात, तुला न ऐकवता. तुझ्यासमोर वाचलं गेलं ते पहिलं पत्रसुद्धा अर्धंच खरं होतं. हे तुला कळल्यावर तू आमच्या दोघांच्या तोंडात द्यावीस.

उपाय आहे. गोळ्या आहेत, सहा आठवडे. जळगावला माझ्या खोलीवर राहा. स्वयंपाक मी करीन. कसाही होईल. मग तपासणी, यावेळी एकच बाटली. पुढं काय ते पुढं. बरी होशील का? डॉक्टर होही म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तुला पुन्हा चुलीपाशी बसता येईल का? मला माहीत नाही. मी खोटं सांगायचं ठरवून आलो होतो, गाडीत. आता लिहिताना जमत नाहीये.

इथं एक ओळ आहे. मी ती खोडली आहे. तीन वेळा लिहून तीन वेळा खोडली. तुला वाचता येत नाही याचं मला आज पहिल्यांदा बरं वाटतंय, आणि तसं वाटलं याची लाज वाटतेय. तू हुशार आहेस, चौतिसात पहिली आलीस. ती ओळ तू स्वतःच्या मनानं लिहिशील, आज नाही तर उद्या. लिहिलीस की मला विचार. मी तेव्हाही हो म्हणेन की नाही म्हणेन हे मला माहीत नाही, कारण हो की नाही हे कुणालाच माहीत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनाही नाही. मी जगलो ते तुझ्या हातच्या पेजेवर, एवढं मात्र पाहिलेली माणसं आहेत.

आता घाईचं. समोर धूर कमी झालाय, वांगी भाजून होत आलीत. तासाभरात ठेचायला बसतील आणि कालवायच्या वेळी जीवरामनाना तुला हाक मारतील, पाचशे माणसांसमोर. म्हणून मी एक करून ठेवलंय. तुला न विचारता. नानांना जाऊन सांगितलं की काड्या सारताना तुझा उजवा हात भाजला, डॉक्टरांनी हात ओला करू नका म्हटलंय, शेवटचा हात दुसऱ्या बाईचा लागेल. नाना हळहळले. म्हणाले, "प्रमिलाअक्काचा हात नाही म्हंजे भरीत कसलं? बरं, ती खाटेवर बसून सांगीन, बाया करतीन." खोटं आहे. तुझ्या नावानं मी खोटं बोललो, पण नाहीतर खरं सांगावं लागलं असतं, मांडवात. ते माझ्यानं झालं नाही. हे तुझ्यासाठी केलं की माझ्यासाठी, ते मला वेगळं करून सांगता येत नाही.

दवाखान्यातून पट्टी आणलीय. ही. तुझ्यासमोर पाटावर ठेवतोय. बांधलीस तर नानांना मी सांगितलेलं खरं. नाही बांधलीस आणि उठून भांड्याशी गेलीस, तर तुला अडवणारं इथं कोणी नाही. मीसुद्धा नाही. मी आरोग्यशिक्षक म्हणून अडवायला हवं, खात्याचा कागद खिशात आहे. काढवत नाही.

कार्ड मी खांबावरून घेतो. ते मला न्यावंच लागेल. फूल तिथंच राहू दे.

आता तू काय म्हणशील ते मी ऐकायला थांबणार नाही. थांबलो तर तू ‘जेवला का रे?’ असं विचारशील, आणि मग मी बसेन, आणि बसलो की सगळं होतं तसं होईल. जळगावची गाडी आता फाट्यावर येईल, कंडक्टरला मी थांबायला सांगून आलोय. उद्या सकाळी आठपासून मी दवाखान्याच्या पायरीवर असेन. परवाही.

दाजी, ती जे बोलेल ते तुम्ही ऐका. यावेळी काही गाळू नका. मी उठलो.